आफ्टरमार्केट एअर फिल्टरने गाडीची ताकद खरंच वाढते का? ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडच्या धुळीतून रोज ये-जा करणारे असोत की तळोजा एमआयडीसीत ड्युटीला जाणारे, एअर फिल्टरबद्दलचे प्रश्न साधारण तेच असतात. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात एक सांगतात, गॅरेजवाला दुसरं सांगतो आणि सोसायटीच्या पार्किंगमधला मित्र तिसरंच. इथे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या फिल्टरबद्दल लिहिलं आहे; आफ्टरमार्केट म्हणजे गाडी कंपनीचा नसलेला, बाजारातून घेऊन बसवलेला. डॅशबोर्डमागचा एसीचा केबिन फिल्टर वेगळा, त्याचा ताकदीशी काही संबंध नाही.

थोडक्यात सांगा, ताकद वाढते की नाही?

गाडी कंपनीतून आली तशीच असेल आणि आधीचा कागदी फिल्टर बऱ्या अवस्थेत असेल, तर महागडा फिल्टर बसवून मिळालाच तर एक-दोन टक्क्यांचा फायदा मिळतो. तोही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि आरपीएम वरच्या टोकाला असताना. ८० पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं माप) गाडीत म्हणजे फार तर दीड पीएस. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की इंजिनवर याहून जास्त भार पडतो. तीन हात नाक्यापासून माजिवड्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत जाताना हा फायदा शून्य असतो.

पण जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, हे तर खरं ना?

तत्त्व खरंच आहे. पेट्रोल इंजिनात एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा वाढली की इंधन वाढवता येतं आणि ताकदही वाढते. पाहायचं ते हे, की हवा नेमकी अडते कुठे.

१.२ लिटरचं इंजिन घ्या. दर दोन फेऱ्यांमागे ते एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढतं, म्हणजे ६,००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त ३,६०० लिटर. एवढी हवा ओढताना स्वच्छ कागदी फिल्टर आणि त्याचा डबा मिळून दाब साधारण एक-दोन किलोपास्कलने उतरतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब असतो १०१ किलोपास्कल. फिल्टर मुळातच काढून टाकला तरी हाती लागण्यासारखं एवढंच आहे, आणि बाजारातला कोणताही फिल्टर हवेला थोडा तरी अडवणारच.

रोजच्या चालवण्यात तर थ्रॉटलची बटरफ्लाय, म्हणजे हवा सोडणारी झडप, अर्धीही उघडलेली नसते. तिच्या पुढे मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला, दाब ४०-५० किलोपास्कलपर्यंत खाली गेलेला असतो, कारण आपल्याला तेवढीच ताकद हवी असते. नळ अर्धा बंद ठेवून टाकीकडचा पाइप रुंद केला तर बादली लवकर भरत नाही, तसंच हे आहे.

मग कंपनी कागदाचाच फिल्टर का देते? पैसे वाचवायला?

कागद स्वस्त आहे हे खरं, पण कागदाच्या बारीक घड्यांमुळे लहानशा डब्यात भरपूर पृष्ठभाग मावतो, हे मुख्य कारण. एक फिल्टर हातात घेऊन घड्या उलगडल्यासारख्या मोजून पाहा. वहीच्या आकाराच्या चौकटीत चादरीएवढा नाही, पण मोठ्या टॉवेलएवढा कागद सहज निघतो. शिवाय कंपनी फिल्टरचा आकार ठरवताना तो बदलायच्या वेळी निम्मा-अधिक धुळीने भरलेला असेल हे धरून चालते. त्या अवस्थेतही इंजिनाला हवा कमी पडू नये म्हणून नव्या फिल्टरमध्ये आधीच भरपूर मोकळीक ठेवलेली असते. आफ्टरमार्केट फिल्टर जी मोकळीक विकतो, ती बऱ्याच अंशी तुमच्या गाडीत आधीपासून आहे.

माझ्या मित्राने टाकला, त्याला पिकअप स्पष्ट वाढलेला जाणवतो. तो खोटं बोलतोय का?

अजिबात नाही. त्याला जे जाणवलं ते जाणवलंच, फक्त कारणं दुसरी असू शकतात.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे जुना फिल्टर पार चोक झालेला असतो. तो काढून काहीही नवीन टाकलं, अगदी साडेतीनशे रुपयांचा कागदी फिल्टर टाकला, तरी गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते. तुलना करायची तर नव्या कागदी फिल्टरशी करायला हवी, आणि ती सहसा कोणी करत नाही.

दुसरं कारण आवाज. कंपनीच्या एअर बॉक्सला (फिल्टरच्या डब्याला) आणि पाइपला जोडलेले रेझोनेटर हवा ओढण्याचा आवाज दाबतात. ओपन कोन, म्हणजे डब्याशिवाय उघडा बसवायचा शंकूसारखा फिल्टर लावला की तो घुमणारा आवाज थेट कानावर येतो, विशेषतः तीन हजार आरपीएमच्या वर. आवाज मोठा झाला की वेग वाढल्याचा भास होतो. ज्याला तो आवाजच आवडतो त्याने आवाजासाठी पैसे द्यावेत, त्यात गैर काही नाही. विकणाऱ्याने मात्र तो ताकद म्हणून विकू नये.

फिल्टर बदलताना बॅटरीची वायर काढली असेल तर ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) शिकलेल्या नोंदी पुसल्या जातात आणि पहिले काही दिवस अ‍ॅक्सिलरेटर वेगळा वाटतो. आणि मे महिन्यातल्या दुपारची तुलना डिसेंबरातल्या पहाटेशी केली, तर हवेच्या घनतेतच चार टक्क्यांहून जास्त फरक असतो. फिल्टरचा सगळा फायदा त्यात बुडून जातो.

बोनेटखाली उघडा बसवतात तो कोन फिल्टर कसा? तो तर जास्तच हवा घेतो.

हवा जास्त घेतो, पण कोणती हवा, ते पाहा. कंपनीचा एअर बॉक्स सहसा ग्रिलमागून किंवा फेंडरच्या बाजूने बाहेरची हवा घेतो. ओपन कोन इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतो. हवेचं तापमान तीन अंशांनी वाढलं की तिची घनता साधारण एक टक्क्याने घटते. कळवा नाक्यावर किंवा शिळफाट्यावर वीस मिनिटं अडकलात तर बोनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा १५-२० अंशांनी सहज जास्त तापते. म्हणजे पाच-सहा टक्के हवा गेलीच. त्यावर पेट्रोल इंजिनाचा ईसीयू गरम हवा पाहून नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी खडखड) टाळायला स्पार्क उशिरा देतो, तिथे आणखी दम जातो. एक-दोन टक्के मिळवायला गेलो आणि त्याच्या तिप्पट घालवून बसलो, असा हिशोब होतो.

गाडी वेगात असताना बाहेरची हवा आत खेळते आणि फरक कमी होतो. पण आपल्याकडे गाडी वेगात किती वेळ असते, हे तुम्हीच सांगा. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, टेस्ट करताना बोनेट उघडं ठेवून समोर मोठा पंखा लावलेला असतो. तिथे मिळालेला आकडा तुमच्या ट्रॅफिकमधल्या गाडीला लावता येत नाही.

मग खाली बंपरमध्ये बसवतात तो कोल्ड एअर इनटेक घ्यावा का?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहत असाल तर माझं ठाम उत्तर: नको.

थंड हवा खालून मिळते हे बरोबर, पण खाली पाणीही असतं. जुलैच्या जोरदार पावसात भरती आली की वंदना टॉकीजजवळ पाणी साचतं, भुयारी मार्ग भरतात. कंपनीने हवेचं तोंड मुद्दाम हेडलाइटच्या उंचीला ठेवलेलं असतं. तेच तुम्ही फॉगलॅम्पच्या पातळीला आणलंत, तर गुडघाभर पाण्यातही इंजिन पाणी ओढू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये पाणी असलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. हे हायड्रोलॉक. दुरुस्तीचा आकडा लाखात जाऊ शकतो.

विम्याचंही ऐकून ठेवा. साध्या पॉलिसीत पाणी शिरून झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोडणी लागते. आणि ती घेतली असली तरी हवेचं तोंड खाली आणलेलं सर्व्हेअरच्या नजरेला पडलं की क्लेमवर प्रश्न उभा राहू शकतो.

हायवेला वेगामुळे हवा आपोआप आत ढकलली जाते म्हणतात, ते किती खरं?

ताशी १०० किलोमीटरला समोरच्या हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही वाढत नाही. एक्सप्रेस वेला घाट सोडून कारची वेगमर्यादाही तेवढीच आहे. पुढचं बोलायला नको.

धुळीचं काय? आफ्टरमार्केट फिल्टर धूळ नीट अडवतो का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि दुकानात तो सगळ्यात कमी विचारला जातो. फिल्टरचं पहिलं काम धूळ अडवणं. हवा सोडायची तर नुसता पाइपही पुरला असता.

आपल्या रस्त्यावरच्या धुळीत काय असतं? मेट्रो चारच्या कामाचं सिमेंट, डंपरमधून सांडलेली खडी आणि क्रश सँड, टायरची पूड, उलवे-द्रोणागिरीकडच्या बांधकामांची माती. यातली सिलिका म्हणजे वाळूचे कण हे खरे शत्रू. कडकपणाच्या मोस मापावर क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे, साध्या पोलादापेक्षा तो कडक. हे कण पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये गेले की पॉलिश पेपरसारखं काम करतात. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र) असेल तर त्याआधी कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा झिजवतात. गाडी लगेच बंद पडत नाही. काही हजार किलोमीटरनंतर ती ऑइल खायला लागते, कॉम्प्रेशन उतरतं, आणि मेकॅनिक हाफ इंजिनचं (पिस्टन-रिंग बदलायचं) काम सांगतो. तोपर्यंत फिल्टर कोणालाच आठवत नाही.

फिल्टर तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत आयएसओ ५०११ नावाने ओळखली जाते. ठरलेल्या प्रकारची धूळ ठरलेल्या प्रवाहात सोडायची, फिल्टरने किती अडवली, किती सोडली आणि भरेपर्यंत किती साठवली, हे वजनाने मोजायचं. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या आसपास धूळ अडवतो. एखाद्या मोकळ्या विणीच्या फिल्टरचा आकडा ९७ असेल तर ऐकायला दोनच टक्के कमी वाटतात. उलट बाजूने बघा: १०० ग्रॅम धुळीतून पहिला १ ग्रॅम आत सोडतो, दुसरा ३ ग्रॅम. इंजिनात जाणारी धूळ तिप्पट झाली.

सगळे आफ्टरमार्केट फिल्टर वाईट असतात असं नाही. नामांकित कंपन्यांचे तेल लावलेले कॉटन फिल्टर आणि कोरडे सिंथेटिक फिल्टर याच चाचणीचे आकडे देतात, आणि त्यातले काही चांगले असतात. पाकिटावर किंवा माहितीपत्रकात आयएसओ ५०११ प्रमाणे कार्यक्षमतेचा आकडा नसेल, फक्त ‘हाय फ्लो’ आणि ज्वाळांचं चित्र असेल, तर तो माझ्या गाडीत जाणार नाही. नामांकित ब्रँडची नक्कलही बाजारात भरपूर आहे, त्यामुळे बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. फिल्टर बसवून दोन-तीन हजार किलोमीटर झाले की एअर बॉक्सपासून थ्रॉटलकडे जाणारा रबरी पाइप सोडवा आणि आतून पांढरं सुती फडकं फिरवा. ही फिल्टरच्या पुढची, म्हणजे स्वच्छ बाजू आहे. फडक्यावर करडी-तपकिरी पूड आली तर धूळ आत जाते आहे: कधी फिल्टरच्या जाळीतून, पण बरेचदा कडेच्या रबरातून. चौकटीचं रबर एका कोपऱ्यात दुमडलं किंवा डब्याची एक क्लिप नीट बसली नाही, तर जगातला सर्वोत्तम फिल्टरही निरुपयोगी. हवेला जिथून वाट सोपी, तिथून ती जाते.

तेल लावलेल्या फिल्टरने सेन्सर खराब होतो का?

होऊ शकतो, सरसकट होत नाही. कॉटनच्या फिल्टरला धूळ चिकटावी म्हणून पातळ तेल लावतात. कंपनीतून आलेल्या नव्या फिल्टरवर ते मापात असतं. धुतल्यानंतर घरी किंवा गॅरेजमध्ये हात सैल सोडून मारलं, की जास्तीचं तेल हवेबरोबर पुढे जातं आणि आत येणारी हवा मोजणाऱ्या मॅफ सेन्सरच्या तापलेल्या तारेवर किंवा फिल्मवर बसतं. सेन्सर हवा कमी मोजतो, ईसीयूचा हिशोब चुकतो. पेट्रोल गाडीत आयडलिंग हलतं, चेक लाइट लागतो. डिझेलमध्ये ईजीआरचं (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचं) नियंत्रण बिघडतं आणि ईसीयू हवा कमी आहे असं समजून इंधनावरच लगाम घालतो. ताकद वाढवायला टाकलेल्या फिल्टरने ताकद घटते ती अशी.

बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅफऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तिथे हा धोका नगण्य. तुमच्या गाडीत कोणता आहे ते आधी विचारून घ्या.

अ‍ॅव्हरेज वाढतं का?

इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये स्वच्छ आणि मुद्दाम चोक केलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. संगणकाने इंधन नियंत्रित करणाऱ्या गाड्यांत फिल्टर चोक असूनही अ‍ॅव्हरेजमध्ये मोजण्याजोगा फरक पडला नाही. वेग पकडायला मात्र जास्त वेळ लागला. अमेरिकी सरकारची इंधनविषयक माहिती चोक फिल्टर बदलल्यावर वेग पकडण्यात ६ ते ११ टक्के सुधारणा सांगते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत अ‍ॅव्हरेजही सुधारतं, २ ते ६ टक्के.

कारण सोपं आहे. ऑक्सिजन सेन्सर हवा आणि इंधनाचं प्रमाण जाग्यावर ठेवतो. हवा कमी आली तर इंधनही कमी सोडलं जातं, आणि आपण तेवढा अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबतो. चोक फिल्टरने जिथे फरक पडत नाही, तिथे स्वच्छाहून मोकळ्या फिल्टरने काय पडणार?

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे घटलेलं अ‍ॅव्हरेज फिल्टरने भरून निघेल का, असंही अलीकडे विचारतात. नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यावर फिल्टर काय करणार.

माझी गाडी सीएनजीवर आहे. ओढत नाही. फिल्टर टाकू का?

सीएनजी वायुरूपात आत जातो आणि मिश्रणातली जवळपास दहाव्या हिश्श्याची जागा स्वतःच व्यापतो. तेवढी हवा कमी येते, म्हणून सीएनजीवर गाडी पेट्रोलपेक्षा जड वाटते. ही घट दहा टक्क्यांच्या घरातली, फिल्टरचा फायदा एक-दोन टक्क्यांचा. तो खड्डा यातून बुजत नाही. पारसिकच्या चढावर गाडी नेहमीपेक्षाही जास्त धापा टाकत असेल, तर आधी स्पार्क प्लग बघा. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं आणि झिजलेला प्लग पेट्रोलवर लपतो, सीएनजीवर उघडा पडतो. मग कागदी फिल्टर आणि सीएनजीचा स्वतःचा गॅस फिल्टर. या क्रमाने पैसे घाला.

टर्बो गाडीत तरी फरक पडत असेल ना?

किंचित जास्त, कारण टर्बो हवा जास्त ओढतो. पण आजचा ईसीयू ठरलेला टॉर्क (चाक फिरवणारा जोर) गाठायला टर्बोचा बूस्ट (हवेचा वाढीव दाब) स्वतः कमी-जास्त करतो. फिल्टर थोडा मोकळा झाला तर टर्बोला थोडे कष्ट कमी पडतात, चाकाशी येणारा टॉर्क ईसीयूच्या नकाशात लिहिलाय तेवढाच राहतो. टर्बोच्या शिट्टीचा आवाज वाढतो, तो मात्र लगेच ऐकू येतो.

आणि गाडी रिमॅप केली असेल तर?

इथे मात्र मी हो म्हणेन. रिमॅपने, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून, बूस्ट आणि इंधन वाढवलं, हवेचा प्रवाह २०-३० टक्क्यांनी वाढला, तर कंपनीच्या फिल्टरची मोकळीक अपुरी पडू शकते. अशा गाडीला मूळ एअर बॉक्समध्येच बसणारा चांगला ड्रॉप-इन फिल्टर, किंवा इंजिनापासून नीट झाकलेला बंद इनटेक शोभतो. ट्यूनरने (रिमॅप करणाऱ्याने) लॉग, म्हणजे गाडी चालताना नोंदलेले आकडे, दाखवून ‘इथे अडतंय’ असं म्हटलं तर पैसे द्या. नुसतं ‘स्टेज वनला (रिमॅपच्या पहिल्या पायरीला) लागतोच’ म्हणाला तर लॉग मागा.

धुवून पुन्हा वापरता येतो, मग पैसे वाचत नाहीत का?

हिशोब मांडून बघा. छोट्या गाडीचा कागदी फिल्टर साधारण तीनशे ते पाचशे रुपये. आपल्या धुळीत तो वीस हजार किलोमीटरला बदलला तरी लाखभर किलोमीटरला पाच फिल्टर, म्हणजे फार तर अडीच हजार. धुता येणारा चांगला फिल्टर पाच हजारांच्या आसपास, शिवाय क्लीनर आणि तेलाचा किट. दोन-अडीच लाख किलोमीटर गाडी ठेवणाऱ्यालाच ते परवडतं. कचरा कमी होतो, हा मुद्दा खरा आहे आणि ज्यांना तो महत्त्वाचा वाटतो त्यांनी जरूर विचार करावा. पण धुतलेला फिल्टर पूर्ण सुकायला हवा, उन्हात किंवा ड्रायरने नाही, सावलीत. जुलैमध्ये ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये तो कधी सुकेल, आणि तोवर गाडीत काय लावणार, हेही बघा.

सर्व्हिसिंगला गॅरेजवाला दर वेळी फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारतो. चांगलं की वाईट?

जवळून आणि जोरात मारली तर वाईट. कागदाचे तंतू फाटतात, बारीक भोकं पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत. मारायचीच तर कमी दाबाने, लांबून आणि आतल्या, स्वच्छ बाजूने बाहेर. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. बरेच जण घाईत तेच करतात. पुढच्या वेळी शेजारी उभे राहून बघा.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की फिल्टर नव्यापेक्षा जास्त चांगली धूळ अडवतो, कारण तो थरच चाळणीचं काम करतो. जरा मळकट दिसला म्हणून दर महिन्याला उघडून झटकू नका. प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडण्याचा धोका असतो.

पावसाळ्यात गाडी जड वाटते. फिल्टर बदलू का?

आधी डबा उघडून फिल्टर ओला झालाय का पाहा. ओला, फुगलेला किंवा घड्या चिकटलेला असेल तर बदला, वाळवून परत लावू नका. कोरडा असेल तर कारण हवेतच आहे. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना आपण ज्याला हवा म्हणतो त्यातला सुमारे साडेतीन टक्के भाग नुसती वाफ असते. खाडीकाठच्या शहरात पावसाळाभर हेच चालतं. पनवेलहून लोणावळ्याला चढलात, सुमारे ६२० मीटर, तर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सात टक्क्यांनी कमी होतो. निसर्ग रोज जेवढी ताकद काढतो-घालतो, त्याच्यापुढे फिल्टरचे एक-दोन टक्के ठेवून बघा.

माझ्याच गाडीत किती फायदा होईल, हे पैसे घालण्याआधी कळेल का?

कळेल. टर्बो नसलेली आणि मॅप सेन्सरची पेट्रोल गाडी असेल तर हजार रुपयांच्या आतल्या ब्लूटूथ ओबीडी डोंगलवर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणाऱ्या छोट्या उपकरणावर) आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर काम भागतं.

इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका, आणि मॅनिफोल्ड प्रेशरचा आकडा बघा. ठाण्यात तो १०० किंवा १०१ किलोपास्कल दिसेल. हा त्या दिवशीचा हवेचा दाब. मग पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेत राहून, दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून आरपीएम वर जाऊ द्या. अ‍ॅपला नोंद ठेवायला लावा. आकडा शेजारी बसलेल्याने बघावा, चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच हवी. वरच्या आरपीएमला समजा ९८ दिसला. म्हणजे डब्याचं तोंड, फिल्टर, पाइप आणि थ्रॉटल बॉडी या सगळ्यांनी मिळून तीन किलोपास्कल खाल्ले, आणि फिल्टरचा वाटा त्यातला एक भाग. परत मिळवता येण्यासारखं याहून जास्त तुमच्या गाडीत नाही. आकडा ९४-९५ पर्यंत उतरत असेल तर आधी नवा कागदी फिल्टर टाकून पुन्हा बघा, बहुधा तिथेच काम होईल.

त्याच अ‍ॅपवर इनटेक एअर टेम्परेचरही बघून ठेवा, सिग्नलला उभं असताना आणि चालताना. कोन फिल्टर लावलेल्या मित्राच्या गाडीतला तोच आकडा शेजारी ठेवा. वादच मिटेल.

फिल्टर काढून टेस्ट घेऊ नका, एक फेरीसुद्धा नाही.

आरटीओ, पीयूसी, वॉरंटी यांची अडचण येते का?

मूळ डब्यात बसणाऱ्या ड्रॉप-इन फिल्टरने बहुधा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केलं. एअर फिल्टर हा काही प्रमाणपत्रातला तपशील नाही. पण डबा काढून टाकलेल्या ओपन इनटेकचा आवाज मर्यादेबाहेर गेला तर ध्वनिप्रदूषणाची कारवाई वेगळी होऊ शकते. वॉरंटीतल्या गाडीत सेन्सर किंवा टर्बो गेला आणि त्यात बाहेरचा फिल्टर सापडला, तर सर्व्हिस सेंटर त्याकडे बोट दाखवणारच. मूळ फिल्टर आणि डब्याचे सगळे भाग जपून ठेवा.

बाइक-स्कूटरला हेच लागू आहे का?

तत्त्व तेच. एकच सूचना: बऱ्याच स्कूटर-बाइकमध्ये तेलकट, चिकट कागदाचा फिल्टर असतो. त्याला हवा मारायची नसते आणि धुवायचाही नसतो, ठरल्या किलोमीटरला बदलायचा असतो.

मी आधीच बसवला आहे. आता काय करू?

ड्रॉप-इन असेल आणि चौकट घट्ट बसत असेल तर घाबरायचं कारण नाही. पांढऱ्या फडक्याची तपासणी करा, फडकं स्वच्छ आलं तर राहू द्या. घोडबंदर किंवा तळोज्याकडे रोजचं जाणं असेल तर पाकिटावर लिहिलेल्या किलोमीटरची वाट न पाहता लवकर साफ करा, आणि तेल जाळी रंगेल इतकंच लावा, थेंब गळेल इतकं नाही.

ओपन कोन असेल तर पावसाळ्याआधी मूळ डबा परत बसवा. बसवताना जुने क्लॅम्प ढिले झालेत का, पाइपला तडा गेलाय का, डब्याच्या चारही क्लिपा ‘टक’ आवाज करून लागतात का, हे एकेक करून पाहा. डब्याच्या तळाशी साचलेली पानं-माती काढा आणि पाणी निघायचं छोटं भोक मोकळं करा. गाडीत मॅफ सेन्सर असेल तर खास त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेने तो साफ करून घ्या. कार्ब्युरेटर क्लीनर त्यावर मारू देऊ नका, आणि तारेला बोट किंवा ब्रश लावू देऊ नका. सेन्सर पूर्ण वाळल्यावरच इंजिन सुरू करा. चेक लाइट लागलेला असेल तर कोड वाचून, लिहून ठेवून मगच पुसायला सांगा. तोच कोड परत आला तर पुढचं काम मेकॅनिकला नेमकं सांगता येतं.